अपुरी घरे, पुरे गाव

जपानच्या ह्योगो प्रांतात, जपानी समुद्राच्या काठाजवळ, किनोसाकी नावाचे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव आहे. सारे गाव मिळून एकच अतिथिगृह आहे, असे तिथले लोक सांगतात. स्टेशन हा त्याचा दिंडी दरवाजा, रस्ते म्हणजे पडव्या, ठिकठिकाणची र्योकाने म्हणजे पारंपरिक अतिथिगृहे या त्याच्या खोल्या, आणि सात सार्वजनिक स्नानगृहे ही न्हाणीघरे. क्योतोहून किंवा ओसाकाहून निघालेली जलद गाडी अडीच-पावणेतीन तासांत इथे पोचते. स्टेशनपासून गावाच्या दुसऱ्या टोकाचे स्नानगृह पायी वीसेक मिनिटांवर आहे. संध्याकाळी पाहुणे सुती युकाता नेसून, खडावांच्या जातकुळीतल्या लाकडी गेता घालून, हातात पंचा घेऊन एका न्हाणीघरातून दुसऱ्याकडे निघतात. इथे मोटारीचा उपयोग काहीच नाही, उलट ती कुठे ठेवायची हीच चिंता. हे सारे पाहून कोणीही म्हणेल की जपानी लोकांनी जुनी रीत जपली. मला ते उत्तर अर्धवट वाटते. किनोसाकी पायी फिरण्याजोगे राहिले, कारण तिथल्या कोणत्याही एका घराला परिपूर्ण होऊ दिले गेले नाही. हा अपुरेपणा गावाने भांडून, तडजोड करून, नियम करून राखलेला आहे.

जुनेपणाचा दावा खोटा नाही. परंपरा सांगते की दोची नावाच्या भिक्षूने हजार दिवस प्रार्थना केल्यावर इ.स. 720मध्ये इथे गरम पाणी उसळले. त्या जागेच्या स्नानगृहाचे नाव ‘मंदारा-यु’ आहे, आणि त्यातला ‘मंदारा’ म्हणजे संस्कृत ‘मंडल’. कोनो-यु या दुसऱ्या स्नानगृहाची कथा अशी, की जखमी करकोचा एका जागी पाय बुडवून बरा होताना लोकांनी पाहिला. पण आज डोळ्यांना दिसणारे गाव शंभर वर्षांचेच आहे. 23 मे 1925 रोजी भूकंप झाला, चुलींतून आगी लागल्या आणि लाकडी किनोसाकी जवळजवळ पूर्ण जळाले. पुन्हा उभारणी करताना घरमालकांनी आपापल्या जागेतला काही भाग सोडला, रस्ते रुंद झाले, ओतानी ही छोटी नदी सरळ बांधून काढली गेली, तिच्यावर पूल आले, काठावर विलो आले. पर्यटकांच्या छायाचित्रांतले ते ‘प्राचीन’ दृश्य म्हणजे विसाव्या शतकातली नगररचना आहे.

त्या नदीच्या काठाचा दगडही बोलका आहे. जवळच्या गेनबुदो गुहांतले षट्कोनी खांब त्याच भूकंपात ढासळले आणि ते दगड नदीच्या बांधकामाला वापरले गेले. हा बेसॉल्ट आहे, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा सगोत्र. मुंबईच्या गिल्बर्ट हिलचे खांब पाहिलेल्याला तो लगेच ओळखू येईल. बेसॉल्टला जपानी भाषेत ‘गेनबुगान’ म्हणतात, ते याच गुहांच्या नावावरून. 1926मध्ये मातुयामा मोतोनोरी या भूभौतिकशास्त्रज्ञाने इथला दगड तपासला, तेव्हा त्यातले चुंबकत्व उलट्या दिशेचे निघाले. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव पूर्वी उलटे होते हा त्याचा 1929चा निष्कर्ष पुढे मान्य झाला. सांगण्याचा मुद्दा असा, की आपत्तीने पाडलेला दगड कोणा एकाच्या कुंपणाला न जाता सगळ्यांच्या नदीकाठाला गेला. गाव कशाला आधी सावरते, यावरून ते पुढे कसे वागणार हे कळते.

पण खरी कसोटी पाण्यावरून झाली. पूर्वी र्योकानांत गरम झऱ्याचे पाणी नव्हते. पाहुणा राही एका ठिकाणी आणि न्हायला जाई बाहेर. 1927च्या सुमारास एका र्योकानने आपल्याच आवारात ‘उचियु’, म्हणजे आतले स्नानगृह, करायचे ठरवले आणि गाव खवळले. मालकाचे म्हणणे सरळ होते: जमीन माझी, म्हणून तिच्याखालचे पाणी माझे. गावाचे म्हणणे होते की पाणी परंपरेने सर्वांचे आहे, आणि पाहुणा घरातच न्हाऊ लागला तर रस्ता ओस पडेल, दुकाने बसतील. 1933मध्ये सुरू झालेला खटला 1950मध्ये समेटाने मिटला. झऱ्यांची व्यवस्था गावाच्या सामाईक मालमत्ता मंडळाकडे राहिली. आतल्या स्नानगृहांना परवानगी मिळाली, पण ती लहानच असावीत या बंधनासह. पुढे 1972मध्ये निरनिराळ्या झऱ्यांचे पाणी एकत्र करून नळांनी सर्वत्र वाटण्याची सोय झाली. म्हणजे प्रत्येक र्योकानला पाणी मिळते, फक्त बाहेर जायची गरज संपेल इतके मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की हे श्रेय नियमांचे नसून संस्कृतीचे आहे. जपानी माणसाला सामाईक स्नान आवडतेच. पण तो खटला लढणारे दोन्ही पक्ष जपानीच होते. शिवाय तोचिगी प्रांतातले किनुगावा पाहावे. तिथेही गरम झरे, नदी, रेल्वे सगळे आहे. भरभराटीच्या दशकांत तिथल्या नदीकाठी मोठमोठी हॉटेले उठली. स्नान, जेवण, मद्यपान, भेटवस्तूंचे दुकान सगळे एकाच छपराखाली आले, आणि बसने आलेल्या कंपन्यांच्या सहलींना दाराबाहेर पडायचे कारण उरले नाही. त्या सहली आटल्यावर रिकामी हॉटेले नदीवर ओळीने उभी राहिली. पूर्ण घर बंद पडते तेव्हा सोबत एक पूर्ण जगच बंद पडते, आणि शेजारच्या रस्त्याला ते सावरता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: युकाता आणि गेता हे आता निव्वळ पर्यटकांसाठी मांडलेले नाटक आहे. नाटक आहे, हे मान्य. पण गावातली माणसेही याच स्नानगृहांत येतात, आणि नाटकालाही रंगमंच लागतो. इथे तो रंगमंच म्हणजे चालता रस्ता आहे. तिसरा आक्षेप रेल्वेचा: गाव पायी फिरण्याजोगे राहिले ते दारात गाडी येते म्हणून. तो सहज उडवून लावता येत नाही. किनोसाकीचे स्टेशन 1909मध्ये उघडले. 1913मध्ये तोक्योत रेल्वेच्या धडकेने जखमी झालेला लेखक शिगा नाओया विश्रांतीसाठी इथे आला, आणि 1917मध्ये त्यावर त्याने लिहिलेल्या कथेने गाव साहित्यात अजरामर झाले. विजेची तार 1986मध्ये किनोसाकीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. पश्चिमेला पुढे डिझेलच्या छोट्या गाड्या धावतात. तो पट्टा 2022मध्ये जेआर वेस्ट या रेल्वे कंपनीने जाहीर केलेल्या तुरळक प्रवासी असलेल्या मार्गांच्या यादीत आहे. थोडक्यात, स्टेशन हा दरवाजा असेल, तर तो उघडा ठेवणे गावाच्या हातात नाही.

मग रेल्वे नसलेल्या गावांनी काय करावे? क्युशू बेटावरच्या कुमामोतो प्रांतातले कुरोकावा डोंगरात आहे, तिथे रेल्वे नाही, स्वतःचे वाहन नसेल तर बसनेच जावे लागते. तिथल्या दोन र्योकानांकडे उघड्यावरचे स्नानकुंड बांधायला जागाच नव्हती. त्यांना वगळून पुढे जाण्याऐवजी गावाने 1986मध्ये लाकडी गोल चकतीचा परवाना काढला: एक चकती घ्या आणि कोणत्याही तीन कुंडांत न्हा. दोन घरांच्या उणिवेतून साऱ्या गावाला चालण्याचे निमित्त मिळाले. अर्थात दिवसाला मोजक्या बसगाड्या असतील, तर बस चुकणाऱ्या पाहुण्याला या शहाणपणाचा काही उपयोग नाही, आणि म्हाताऱ्या गुडघ्यांना चढाचा रस्ता पेलवत नाही. पायी फिरण्याजोगे गाव आणि तिथवर नेणारी गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गाव स्वतः घडवू शकते, दुसरीसाठी सरकार आणि रेल्वे कंपनीचीच साथ लागते. किनोसाकीकडे दोन्ही आहेत, हे त्याचे भाग्यही आहे.

तरीही पहिल्या गोष्टीचे मोल कमी होत नाही, कारण गाडी असूनही रस्ता मेल्याचे उदाहरण किनुगावाने दाखवले आहे. आगगाडीने आलेल्या पाहुण्याजवळ वाहन नसते, म्हणून त्याला गाव लागते; र्योकानजवळ मोठे न्हाणीघर नसते, म्हणून त्यालाही गाव लागते. दोघांची उणीव रस्त्यावर भेटते, आणि त्या भेटीवर नूडल्सचे दुकान, गेता दुरुस्त करणारा, आइस्क्रीमवाला जगतात. किनोसाकीतली स्नानगृहे आठवड्यातल्या वेगवेगळ्या वारी बंद असतात. एखाद्या बुधवारी जवळच्या दारावर सुट्टीची पाटी लागलेली असते. तेव्हा पाहुणा पंचा खांद्यावर टाकतो आणि पूल ओलांडून पुढच्या दाराकडे चालू लागतो.