बर्फावरून निघाल्या तोफा

दोन टनांची एक तोफ हलवायला किती माणसं लागतील, सांगा बरं? आता अशा लहानमोठ्या ५९ तोफा डोळ्यांसमोर आणा. सगळ्यांचं वजन मिळून सुमारे ५४ टन! त्या न्यायच्या होत्या जवळजवळ ४८० किलोमीटर दूर. मध्ये तळं, नदी, डोंगर. ट्रक नाहीत, क्रेन नाही. हे काम अंगावर घेतलं पंचवीस वर्षांच्या एका पुस्तकविक्यानं, तेही भर हिवाळ्यात. आणि खरी गंमत अशी, की हिवाळा होता म्हणूनच ते जमलं.

गोष्ट आहे १७७५ सालची. अमेरिकेतल्या तेरा वसाहतींवर तेव्हा इंग्लंडच्या राजाचं राज्य होतं. कर आणि कायदे लंडनमध्ये ठरायचे, पण तिथल्या संसदेत वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. वाद चिघळला आणि एप्रिलमध्ये लेक्सिंग्टन-काँकर्डला गोळ्या झाडल्या गेल्या. मग वसाहतींच्या लोकांनी बॉस्टन शहराला वेढा घातला. आत इंग्रज फौज, बाहेर जॉर्ज वॉशिंग्टन यांचं सैन्य. पण बॉस्टनच्या बंदरात इंग्रजांची जहाजं होती, त्यांना अन्न-दारूगोळा समुद्रातून मिळायचा. नुसत्या बंदुकांनी हा वेढा संपणार नव्हता. मोठ्या तोफा हव्या होत्या.

त्या होत्या दूर उत्तरेला, टिकोंडेरोगाच्या किल्ल्यात. हा किल्ला मे महिन्यातच वसाहतींच्या हाती आला होता. ‘मी आणतो,’ असं ठरवून तो पुस्तकविक्या, हेन्री नॉक्स, निघाला. बॉस्टनमधल्या आपल्या दुकानात त्यानं तोफखान्यावरची पुस्तकं वाचून काढली होती. वाचनाचा असा उपयोग झालेला पाहिला, की मला फार आनंद होतो!

डिसेंबरात तो किल्ल्यावर पोचला. आधी तोफा होड्यांत घालून जॉर्ज तळं ओलांडायचं, तेही तळं गोठायच्या आत. एक होडी बुडालीसुद्धा, पण काठाजवळ बुडाली म्हणून वर काढता आली. पुढचा प्रवास जमिनीवरून. नॉक्सनं ४२ भक्कम घसरगाड्या बनवून घेतल्या आणि ओढायला बैल-घोडे जमवले. पण बर्फच पडेना! सगळे आभाळाकडे बघत थांबले. नाताळच्या सुमारास एकदाचा भरपूर बर्फ पडला.

बर्फाची एवढी वाट का पाहायची? कारण चाकाचं सगळं वजन जमिनीच्या जराशा जागेवर येतं. दोन टनांची तोफ लादलेलं चाक मऊ मातीत रुतणारच. घसरगाडीच्या लांब लाकडी पट्ट्या तेच वजन पसरून टाकतात. शिवाय बर्फाच्या अगदी वरच्या थरातल्या रेणूंना वरच्या बाजूनं धरून ठेवायला शेजारी नसतात. ते सैल राहतात, जवळजवळ पाण्यासारखे वागतात. म्हणून घर्षण घटतं आणि गाडी सरकते.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. वाटेत हडसन नदी आली. ती गोठलेली होती, पण थर पातळ. तोफ न्यावी तर थेट तळाला! नॉक्सनं काय केलं असेल? त्यानं बर्फाला भोकं पाडायला लावली.

आश्चर्य वाटलं ना? पण विचार करा. गोठलेल्या नदीवरचा थर म्हणजे पाण्यावर पांघरलेली गोधडीच. हवेतला गारठा तो खालच्या पाण्यापर्यंत सहज पोचू देत नाही. त्यामुळे थर जसा जाड होतो, तसा पुढे आणखी हळू वाढतो. भोकातून पाणी वर येऊन पसरलं, की त्याची गाठ थेट थंडगार हवेशी पडते आणि ते झपाट्यानं गोठतं. थर वरच्या बाजूनं जाड होतो. नॉक्सनं आपल्या रोजनिशीत या युक्तीची नोंद केली आहे.

तरीही ऑल्बनीजवळ एक तोफ बर्फ फोडून पाण्यात गेलीच. ऑल्बनीच्या गावकऱ्यांनी ती वर काढायला मदत केली. नॉक्सनं तिचं नावच ठेवलं ‘ऑल्बनी’!

पुढे बर्कशर डोंगर. तिथं उलटीच पंचाईत झाली. चढ कसाबसा पार व्हायचा, पण उतारावर गाडी बैलांच्या अंगावर धावून जायची. मग घसरपट्ट्यांखाली साखळ्या अडकवायच्या, झाडांना दोर गुंडाळून हळूहळू सैल सोडायचे. सपाटीवर ज्या घर्षणाला टाळलं, त्यालाच इथं मदतीला बोलावलं!

जानेवारी १७७६ च्या अखेरीस तोफा बॉस्टनजवळ पोचल्या. ४ मार्चच्या रात्री त्या शहराजवळच्या डॉर्चेस्टर टेकड्यांवर चढवल्या गेल्या. आवाज होऊ नये म्हणून गाड्यांच्या चाकांना गवत गुंडाळलं होतं. जमीन थंडीनं दगडासारखी झालेली, खणता येईना. म्हणून लाकडी चौकटी आधीच तयार करून नेल्या आणि त्यांत काटक्यांच्या मोळ्या ठासून आडोसे उभारले.

सकाळी इंग्रज बघतात तो काय, टेकडीवर तोफा! त्यांनी खालून मारा करून पाहिला, पण त्यांच्या तोफांची तोंडं तेवढी वर उचलली जाईनात. वरून मात्र बंदरातली जहाजंसुद्धा माऱ्यात येत होती. १७ मार्चला इंग्रज फौज जहाजांत बसून बॉस्टनमधून निघून गेली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा यायला अजून साडेतीन महिने होते. बॉस्टनला आजही १७ मार्चला सुट्टी असते, आणि तोफांच्या त्या वाटेवर ठिकठिकाणी खुणेचे दगड उभे आहेत.