अदृश्य कारकुनाची पत्त्यांची वही

एका पडद्यावरील आंकडा पाहून तो दुसऱ्या पडद्यावर उतरवावा, बटण दाबावें आणि पुन्हां पुढील कागदाकडे वळावें, हें काम दिवसांतून शंभर वेळां करणें म्हणजे मनुष्याच्या बुद्धीचें चीज नव्हे. असल्या कामावर बँका, विमा कंपन्या व मोठ्या कचेऱ्या संगणकांत एक अदृश्य कारकून नेमतात. त्याला हातपाय नसतात. तो केवळ एक आज्ञावली असतो. या विद्येस ‘रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन’ असें नांव आहे.

हा कारकून थकत नाहीं. परंतु त्याला मनुष्याची ओळखशक्तिहि नाहीं. बटण डावीकडून उजवीकडे गेलें तरी मनुष्य तें सहज शोधून काढतो. यंत्राला मात्र प्रत्येक बटणाचा व प्रत्येक रकान्याचा पत्ता लेखी द्यावा लागतो. ‘युआयपाथ’ या प्रसिद्ध साधनांत त्या पत्त्यास ‘सिलेक्टर’ म्हणतात. कोणता प्रोग्रॅम, त्याची कोणती खिडकी आणि त्या खिडकींतील कोणती वस्तु, असा तो पायरीपायरीनें आंत शिरतो. ‘वडापासून तिसरें घर’ हा पत्ता मध्यें नवें घर उभें राहीपर्यंतच खरा. केवळ क्रमांकावर विसंबलेला सिलेक्टरहि तसाच कच्चा. खिडकीच्या मथळ्यांत रोज बदलणारी तारीख असेल, तर तेवढ्या जागीं ताराचिन्ह घालून ‘येथें कांहींहि असो’ असें यंत्रास सांगतां येतें.

खरी अडचण पुढेंच आहे. समजा, एका कचेरींत वीस निरनिराळीं कामें यंत्राकडे सोंपविलेलीं आहेत आणि त्या विसांतहि ‘रक्कम मंजूर’ या एकाच बटणाचा पत्ता स्वतंत्रपणें लिहिलेला आहे. मूळ प्रोग्रॅमची नवी आवृत्ति आली व बटण बदललें, कीं वीस ठिकाणीं दुरुस्ती आली. एकोणीस ठिकाणीं ती होते आणि विसावें राहून जातें. तेथें यंत्र अडून बसलें तर सुदैवच म्हणावयाचें, कारण चूक निदान उघडकीस येते. पण जुना पत्ता दुसऱ्याच एखाद्या रकान्याला लागू पडला, तर यंत्र थबकत नाहीं, कोणास विचारीत नाहीं. संध्याकाळपर्यंत शेंकडों रकमा भलत्याच जागीं लिहून मोकळें होतें. त्यांतली एखादी रक्कम कोणाचें निवृत्तिवेतन असते, तर एखादी कोणाच्या औषधोपचाराची भरपाई.

यावरील उपायाचें तत्त्व नवें नाहीं. जो निर्णय पुढें बदलण्याचा संभव आहे, तो एकाच विभागांत झांकून ठेवावा, असें डेव्हिड पार्नस यांनीं १९७२ सालच्या आपल्या निबंधांत प्रतिपादिलें होतें. वेबपृष्ठांची परीक्षा घेणाऱ्या मंडळींनीं तेंच तत्त्व ‘पेज ऑब्जेक्ट’ या नांवानें अंगीकारलें. २००५ सालीं बुखारेस्ट येथें स्थापन झालेल्या युआयपाथ कंपनीनें २०२० च्या ऑक्टोबर आवृत्तींत ‘ऑब्जेक्ट रिपॉझिटरी’ आणली. तिचें मर्महि हेंच.

ही रिपॉझिटरी म्हणजे पत्त्यांची सामाईक वही. तिच्यांत प्रथम प्रोग्रॅम, मग त्याची आवृत्ति, मग पडदा आणि शेवटीं वस्तु, अशी चौपदरी मांडणी असते. पत्ता एकदांच लिहावयाचा आणि प्रत्येक कामानें तो तेथूनच घ्यावयाचा. अनेक कामांना लागणाऱ्या वस्तूंचा स्वतंत्र संग्रह करून त्याला आवृत्तीचा क्रमांक देतां येतो. नवी आवृत्ति निघाली तरी जुनें काम आपोआप तिच्याकडे वळत नाहीं. तें कोणीतरी जाणूनबुजून वळवावें लागतें. हा विलंब दोष वाटला तरी तो संरक्षकच आहे, कारण एखादी चुकीची दुरुस्ती सर्व कामें एकदम बिघडवूं शकत नाहीं.

तथापि वही ठेवल्यानें शिस्त आपोआप येत नाहीं. कच्चा पत्ता वहींत गेला, तर तो एका ठिकाणचा दोष वीस ठिकाणीं पोहोंचवितो. म्हणून तेथें जाणारा प्रत्येक पत्ता आधीं पारखून घ्यावा. ‘बटण ७’ यासारखें मुकें नांव न ठेवतां ‘विमादावा, मंजुरी’ असें बोलकें नांव द्यावें. एकाच कामांत एकदांच लागणारी वस्तु त्या कामापाशींच असूं द्यावी. सामाईक वहींत तिची अडगळ नको. कोणतें काम अद्याप जुन्या आवृत्तीवर आहे, याची नोंद असावी. आणि वहीची जबाबदारी एका ठराविक व्यक्तीकडे असावी. जी वस्तु सर्वांची, तिची काळजी कोणाचीच नाहीं, हा अनुभव येथेंहि येतो.

यंत्राला शंका येत नाहीं. म्हणून ती त्याच्या वतीनें मनुष्यानें आधींच घेऊन ठेवावयाची असते. पत्त्यांची ही वही म्हणजे त्या शंकेचेंच व्यवस्थित रूप होय.