लातूरचे इंजिन तळहातावर

1897 मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे धावू लागली. 1911 मध्ये ती लातूरला पोहोचली. तिच्यासाठी लीड्सच्या किटसन कारखान्याने बनवलेली इंजिने ‘टँक’ प्रकारची होती: पाणी मागच्या टेंडरमध्ये नव्हे, इंजिनावरच्याच टाक्यांत. त्या पाण्याच्या वजनाने चाकांची रुळांवरची पकड वाढे.

पितळी पत्र्याचे सुटे भाग डाग देऊन अशा इंजिनाची 1:87 प्रतिकृती जोडली, तर रुळांमधले 762 मिलिमीटर अंतर सुमारे 9 मिलिमीटर उरते. लांबी 87 पट घटली, की आकारमान साडेसहा लाख पट घटते. 30 टनांचे इंजिन जेमतेम 45 ग्रॅमचे होते. मग डबे ओढताना चाके जागीच फिरतात. उपाय मूळ रचनेतच आहे: रिकाम्या टाक्यांत शिसे भरा. पाण्याचे काम शिसे करते आणि लातूरची गाडी पुन्हा चालू लागते.