हळकुंडाच्या आत काय दडलंय?

कपड्यावर हळदीचा डाग पडला तर त्यावर साबण चोळून बघा. पिवळा डाग बघता बघता लालभडक होतो. भरपूर पाण्यात खळबळून काढला की परत पिवळा. आणि तेच कापड उन्हात वाळत घातलं, की डाग हळूहळू फिका पडतो. ही सगळी किमया करक्युमिन नावाच्या एका रंगद्रव्याची. साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाशी गाठ पडली की ते लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करणाऱ्या आपल्या पणज्यांना हे रसायनशास्त्र पाठ होतं!

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावकरांना हळद नव्याने सांगायला नको. जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण शेतात मुरलेल्या माणसानेही थक्क व्हावं अशी एक गोष्ट या पिकात आहे. हळदीला फुलं येतात, पण बी धरत नाही. म्हणून दरवर्षी बेणं राखून ठेवावं लागतं. म्हणजे आज शिवारात उभी असलेली हळद ही कुणीतरी, कधीतरी बेण्यासाठी बाजूला काढलेल्या गड्ड्याचाच वाढत आलेला तुकडा आहे. एका वर्षी सगळ्यांनीच बेणं संपवलं असतं, तर वाण तिथेच संपला असता.

काढणीनंतर हळद शिजवतात, वाळवतात, मग ड्रममध्ये फिरवून पॉलिश करतात. शिजताना आतलं पिष्ट फुलतं, रंग सगळीकडे सारखा पसरतो. चांगलं वाळलेलं हळकुंड मोडलं तर कडक आवाज येतो आणि आत केशरी झाक दिसते. त्यात करक्युमिन असतं साधारण तीन टक्के. प्रयोगशाळेत ते दाह कमी करताना दिसतं. पोटात गेलं मात्र, की फारसं रक्तात उतरतच नाही. उतरतं त्याचीही यकृत लगेच विल्हेवाट लावतं.

१९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी निरोगी माणसांना दोन ग्रॅम करक्युमिन दिलं. रक्तात ते जेमतेम सापडलं. मग सोबत मिऱ्यातलं पिपरीन दिलं, अवघं वीस मिलिग्रॅम. करक्युमिनची उपलब्धता वीस पटींनी वाढली! पिपरीन यकृताचा हात जरा धरून ठेवतं, हे त्याचं एक कारण. शिवाय करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. आता आपली फोडणी आठवा: तापलेलं तेल, त्यात हळद, आणि वरून मिरं पडलेला मसाला.

घरातल्या अशाच एका वापराचं, जखमेवर हळद लावण्याचं, पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाला मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं. जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक शोधनिबंध पुढे ठेवला, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. घरातली जाण आणि छापील पुरावा हातात हात घालून उभे राहिले, हे मला त्या लढ्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

असाच हातात हात आपल्या रोजच्या तब्येतीतही हवा, आणि त्यात दोन्हीकडचं ऐकावं लागतं. २०१७ मध्ये रसायनतज्ज्ञांनी करक्युमिनवरचा अभ्यास तपासला, तेव्हा एकाही आजारावर ते औषध म्हणून ठोस सिद्ध झाल्याचं त्यांना आढळलं नाही. उलट करक्युमिनच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. यकृताचा हात धरणारं पिपरीन इतर औषधांचं रक्तातलं प्रमाणही बदलू शकतं.

तेव्हा भाजीत, वरणात, दुधात हळद खुशाल घाला. साखरेची, रक्तदाबाची, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर ती हळदीच्या भरवशावर बंद करू नका, आणि हळदीची कॅप्सूल घेत असाल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.