कुलवृत्तान्ताची यादी आणि संगणकाचें दप्तर

ज्या घराण्यांचे कुलवृत्तान्त गेल्या शतकांत छापून निघाले, त्यांच्या नव्या आवृत्तीचें काम आतां बहुधा तरुण मंडळींकडे येतें. एका शाखेची यादी बंगळूरहून येते, दुसरीची अमेरिकेंतून. ह्या याद्या पुष्कळदां सीएसव्ही नांवाच्या साध्या मजकुराच्या फायलींत असतात: एका ओळींत एक व्यक्ति, आणि दोन रकान्यांच्या मध्यें स्वल्पविराम. त्या एकत्र करून, पुढेंहि दुरुस्ती करतां येईल असें दप्तर, म्हणजे डेटाबेस, घरच्या संगणकावर कसें करावें, हें आम्ही येथें सांगणार आहों. लिबरऑफिसमधील 'बेस' हा प्रोग्राम त्यास पुरतो. तो विनामूल्य मिळतो, हेंहि पेन्शनरांस मानवणारें आहे.

फाईल बेसला नुसती जोडून दिली तर यादी पडद्यावर दिसते, पण तींत एक अक्षरहि बदलतां येत नाहीं; काचेच्या कपाटांतील पोथीसारखा तो प्रकार. म्हणून बेसमध्यें नवा डेटाबेस निर्माण करावा, फाईल 'कॅल्क'मध्यें उघडावी, आणि तेथील सर्व मजकूर उचलून डेटाबेसच्या 'टेबल्स' ह्या भागांत चिकटवावा.

फाईल उघडतांना कॅल्क कांहीं प्रश्न विचारतो. त्यांस घाईनें होकार देऊं नये. लिपीसाठीं यूटीएफ-८ निवडलें नाहीं तर देवनागरीचीं अगम्य चिन्हें होतात. दूरध्वनीच्या रकान्यास 'टेक्स्ट' म्हटलें नाहीं तर पुण्याच्या ०२० मधील आरंभींचें शून्य गळतें. तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा सांगितला नाहीं तर ५/८/१९२१ हा ५ ऑगस्ट न राहतां ८ मे होऊं शकतो. पत्ता अवतरणचिन्हांत नसेल तर सदाशिव पेठ एका रकान्यांत राहते आणि पुणें पुढल्या रकान्यांत जाऊन बसतें. शके आणि तिथि मात्र मजकूर म्हणूनच ठेवावी; तिथीचें गणित ह्या यंत्रास शिकवूं जाऊं नये.

खरी गोष्ट पुढेंच आहे. चिकटवितांना बेस विचारतो, 'प्रायमरी की' हवी काय? ती नसेल तर तक्ता पुन्हां न बदलतां येणारा होतो. ही की म्हणजे दुसऱ्या कोणाचाहि नसलेला असा नोंदीचा क्रमांक. "नांव असतांना क्रमांक कशाला?" अशी शंका ज्यांस येईल त्यांनीं आपल्याच घराण्याची वंशावळ उघडून पाहावी. आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची आपली चाल. त्यामुळें विष्णु गणेश, त्याचा मुलगा गणेश विष्णु, त्याचा पुन्हां विष्णु गणेश, अशी माळ पिढ्यान् पिढ्या चालते. नांव, बापाचें नांव, आडनांव तिन्हीं जुळलीं, तरी माणसें दोन! अशा याद्या केवळ नांवांवरून जुळविल्या कीं हयात नातवाच्या पुढें आजोबांची श्राद्धतिथि येऊन बसते.

मुलींची गोष्ट ह्याहून नाजूक. माहेरची यमुना सासरीं जानकी झाली म्हणजे एकाच बाईच्या दोन नोंदी होतात, किंवा सासरचें नांव येतांच माहेरचें पुसलें जातें. आमच्या मतें हें दुसरें अधिक वाईट. कारण चुकून झालेली दुसरी नोंद काढतां येते, पुसलेलें नांव कोणी आणावें? म्हणून दोन्ही नांवांस वेगळे रकाने द्यावे, आणि क्रमांक जन्मापासून एकच ठेवावा. आईबापांचेहि नांवांऐवजीं क्रमांकच लिहावे. तक्त्यांतील नोंदी अशा रीतीनें एकमेकींस जोडण्याची कल्पना एडगर कॉड ह्यांनीं १९७० सालच्या निबंधांत मांडली.

शाखांस क्रमांक अगोदरच वांटून द्यावे: एकीस १००१ पासून, दुसरीस २००१ पासून. तोच रकाना की म्हणून नेमावा. पुढील याद्या त्याच तक्त्याच्या अखेरीस जोडतां येतात, आणि एखादा क्रमांक दोनदां आला तर बेस ती नोंद स्वीकारीत नाहीं. दत्तक गेलेला मुलगा मात्र यंत्रास ओळखतां येणार नाहीं. तो जन्मदात्याच्या यादींतहि असतो, दत्तक घेणाऱ्याच्याहि, आणि दोन्हीकडे त्यास वेगळा क्रमांक पडलेला असतो. तेथें वडील मंडळींस विचारून त्याचा जन्मशाखेंतील क्रमांकच कायम करावा, व बापाचे रकाने दोन ठेवावे.