चौथा रकाना

लाल कापडी बांधणीची ती वही आप्पांनी घरच्या जमाखर्चासाठी आणली होती. तिच्या पहिल्या पानावर मात्र तारीख पडली १६ फेब्रुवारी १९७४, शनिवार. तीनच दिवसांपूर्वी कलकत्त्यात मोटार अपघातात उस्ताद अमीर खाँ गेले होते. मिरजेतल्या आमच्या माडीवर नेहमीचे पाच-सहा जण जमले. त्यांतल्या एकाने वर्तमानपत्रात गुंडाळून खाँसाहेबांची एलपी आणली होती, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा संपला तरी कुणी तोंड उघडेना. मग आप्पांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, वही पुढे ओढली आणि पट्टीने चार रकाने आखले. तारीख. कुणी आणलं. काय आणलं. का.

चौथ्या रकान्याचा नियम कडक होता. ‘छान आहे’, ‘अप्रतिम’, ‘काय गायलेत!’ असलं काही तिथे चालत नसे. आधी ऐकवायचं, मग हेच आजच का आणलं ते सांगायचं, आणि आप्पांना पटलं तरच ते वहीत चढायचं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. चहाचे कप न्यायचे आणि रेकॉर्ड फडक्याने पुसायच्या, एवढंच माझं काम. पण त्या रकान्यापायीच मी कान देऊन ऐकायला लागले. आपल्याला विचारलं तर काय सांगायचं, ही धास्ती सारखी मनात असे.

बैठक आठला सुरू व्हायची ती साडेनऊपर्यंत. साडेनऊला आकाशवाणीचा शनिवारचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम लागे, तेव्हा चर्चा जिथे असेल तिथे थांबायची आणि रेडिओभोवती सगळे चूप.

पहिल्या दोन-तीन वर्षांत वहीत जुन्या ७८च्या तबकड्याच जास्त आहेत. चावीचा ग्रामोफोन आजोबांचा. दर बाजूला नवी पिन लावायची आणि तीन-सव्वातीन मिनिटांत राग आटोपायचा. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं पहिल्यांदा तबकडीवर उतरलं, तेव्हापासून गाणाऱ्यांना हे कोडं पडलेलं होतं: रात्रभर चालणारी चीज एवढ्याशा जागेत मांडायची कशी? तबकडी छोटी, म्हणून ‘का’ सुद्धा छोटा. या काळातल्या नोंदी एखाद्या तानेबद्दल आहेत, समेवर येण्याच्या एखाद्या जागेबद्दल आहेत. एकाने तर हिराबाई बडोदेकरांची तबकडी एकाच मिंडीसाठी आणली होती आणि ती मिंड पुन्हा ऐकायला पिन चार वेळा मागे ठेवायला लावली. आप्पांना रेकॉर्डची काळजी, पण नाही म्हणवेना.

एलपी रुळल्या तशी चर्चाही लांबली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाल्यावर लोक बढतीबद्दल बोलू लागले, गायकाने गंधार किती वेळ लपवून ठेवला याबद्दल बोलू लागले. यावरून वाद झाले. दोन जुने श्रोते हट्टाने म्हणायचे की तीन मिनिटांत अर्क असतो, बाकी सगळं पाणी. मला आज दोन्ही लागतं, पण बंदिशीचा बांधा मला अजूनही ७८वरच सगळ्यात लख्ख दिसतो. गाणाऱ्याला तिथे ठरवावंच लागत होतं, काय ठेवायचं आणि काय सोडायचं.

१७ सप्टेंबर १९७७ची नोंद मी पुन्हा पुन्हा उघडते. आदल्या दिवशी केसरबाई केरकर गेल्या होत्या. गोव्यातल्या केरीच्या केसरबाईंना लहानपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांची तालीम मिळाली आणि पुढे त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या झाल्या. आमच्या भागातल्या श्रोत्यांना त्या घरच्या वाटत. ध्वनिमुद्रणाबाबत त्या फार काटेकोर, म्हणून तबकड्या मोजक्याच. त्या शनिवारी त्यांच्या भैरवीची तबकडी आली. ‘का’ खाली लिहिलंय: आवाजाची फेक तिन्ही सप्तकांत कुठेही पातळ होत नाही.

माडीवरच्या कुणालाच तेव्हा ठाऊक नव्हतं की केसरबाईंची भैरवी बारा दिवसांपूर्वी व्हॉयेजर १ यानाबरोबर पृथ्वी सोडून गेली आहे. व्हॉयेजर २ तर त्याच्याही आधी ती घेऊन निघालं होतं. यानांवरच्या सोनेरी तबकडीत जगभरचं संगीत घालायचं ठरलं, तेव्हा संगीत अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ही भैरवी सुचवली. तबकडी सहजी मिळेना, शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात टेबलाखालच्या खोक्यात सापडली. मला हे बऱ्याच वर्षांनी कळलं तेव्हा डोळे भरून आले. दूरदेशीच्या कुणीतरी आमच्यासारखंच काखेत गाणं धरून, ‘हे ऐका’ असं म्हटलं होतं. फरक इतकाच की ऐकणारं कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आल्या आणि वहीचा रंगच पालटला. आमच्यातले एक रेल्वेत गार्ड होते. पुणे, मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी हा त्यांचा मार्ग, आणि गाण्याचाही हाच मार्ग. कुठल्या गावात कुणाकडे कुठल्या खासगी बैठकीचं टेप आहे ते त्यांना तोंडपाठ. टिफिनच्या पिशवीत कोऱ्या नव्वद मिनिटांच्या कॅसेट न्यायचे आणि भरून आणायचे. एकदा त्यांनी मल्लिकार्जुन मन्सूर यांचा शिवमत भैरव आणला. नकलेची नक्कल, तिचीही नक्कल. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. पंचेचाळिसाव्या मिनिटाला तान अंगावर येते न येते तोच खट्कन बाजू संपली. उलटवेपर्यंत काही आवर्तनं कायमची गेली. पण त्या कॅसेटमध्ये जे होतं ते एलपीत नव्हतं: पेटीवाल्याचं खाकरणं, लांबून येणारी गाडीची शिटी, आणि मन्सूर अवघड जागेवरून समेवर उतरताच कुणाचा तरी ‘अरे देवा’ असा खालच्या पट्टीतला उद्गार. गार्डकाकांनी चौथ्या रकान्यात तो उद्गारच लिहायला लावला. त्या माणसाला जे कळलं ते मला कळायला हवंय, म्हणून आणलं, असं ते म्हणाले. आप्पांनी एक शब्दही न बदलता उतरवून घेतलं.

१९९२ साल वाईट गेलं. १२ जानेवारीला कुमार गंधर्व गेले, १२ सप्टेंबरला मन्सूर. कुमारांवरून माडीवर वर्षानुवर्षं खडाजंगी व्हायची. एक मास्तर त्यांचं नाव निघालं की उठून गॅलरीत जायचे, बढत नाही, नुसते तुकडे, अशी त्यांची तक्रार. त्या जानेवारीत कुमारांची कॅसेट आणली ती याच मास्तरांनी. एका फुफ्फुसावर गाणाऱ्या माणसाचा श्वास कुठे तुटतो ते आपण कधी मोजलंच नाही, आज मोजून ऐकू या, म्हणाले. ऐकलं. मत बदललं असं ते कधी म्हणाले नाहीत, पण गॅलरीत जाणं थांबलं.

सीडीच्या काळातल्या नोंदी थोड्या आहेत. माणसं पांगली होती, काही गेली होती.

आता सगळं फोनवर मिळतं. जे मिळवायला गार्डकाकांनी दहा वर्षं घालवली, ते माझी भाची दहा सेकंदांत काढते आणि त्याचा मला खरोखर आनंद आहे. बुरशी धरलेल्या कॅसेट उन्हात वाळवलेल्या बाईला यात दुःख कसलं? खंत आहे ती चौथ्या रकान्याची. सकाळपासून पाच दुवे येतात आणि एकाखालीही एक ओळ नसते. म्हणून आमच्या गटात मी नियम पुन्हा घातला: कारणाशिवाय गाणं पाठवायचं नाही. पहिल्या महिन्यात चौघे निघून गेले. जे राहिले ते ऐकतात.

भाचीने मध्यंतरी कीथ जॅरेट यांचा पियानो पाठवला, २४ जानेवारी १९७५ला कोलोनच्या ऑपेरागृहात वाजवलेला. सगळं जागच्या जागी सुचलेलं. तिने कारण लिहिलं होतं: हवा तो पियानो आलाच नाही, आला त्याचे वरचे स्वर किरकिरे आणि खालचे पोकळ, म्हणून त्यांनी बहुतेक मधल्या पट्ट्यांतच सगळं उभं केलं. मी ते आमच्या ऐंशी ओलांडलेल्या मास्तरांना ऐकवलं. त्यांनी सुरुवातीची काही मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, डावा हात तंबोऱ्यासारखा धरून ठेवलाय. वहीत दोघांचंही लिहिलं.

आप्पा स्वतः एकच तबकडी पुन्हा पुन्हा आणायचे, अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी. गायक भीमसेन जोशी लहानपणी जी गदगच्या दुकानात ऐकून गुरूच्या शोधात घरातून पळाले, तीच. वहीत ती अकरा वेळा आहे आणि अकराही कारणं वेगळी. एकदा सूर किती बारीक लागलाय म्हणून. एकदा ठुमरीत सरगम कशी मिसळलीय म्हणून. एकदा नुसतं, आजोबांची आठवण झाली म्हणून. अकरावी नोंद २००८ची आहे, अक्षर थरथरतं. तोवर त्यांचा कान उतरला होता, वरचे बारीक आवाज नाहीसे झाले होते. चौथ्या रकान्यात लिहिलंय: आता रेकॉर्डची खरखर ऐकूच येत नाही. खाँसाहेब समोर बसून गातायत.