टाइट म्हणजे नक्की काय?



मागच्या हंगामात आपल्या एका सभासदाने नवं जाळं दोरावर चढवलं. कुणीतरी सांगितलं, "टाइट बांध." त्याने चांगलं ताणून बांधलं. रात्रभर सातनाला धरणात लावलं, सकाळी शेजारच्या जाळ्यात मासा भरलेला आणि याच्यात चार-दोन. म्हणून या एका शब्दाबद्दल लिहितो आहोत.

आपण नट टाइट करतो, गाठ टाइट मारतो. तेलुगू बोलणारे आपले भाऊ बिगुतु म्हणतात. आपल्या डोक्यात टाइट म्हणजे ताणलेलं, आवळलेलं. पण हा शब्द मुळात ताणाचा नाही, गळतीचा आहे. इंग्रजीत तो आला उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेकडून. ते लोक दर्यावर्दी. त्यांचा शब्द 'थेत्तर', म्हणजे दाट, भरीव, ज्यातून पाणी शिरत नाही असं. ताणलेलं हा अर्थ इंग्रजीत 16 व्या शतकात जोडला गेला. घरातला एअरटाइट डबा बघा ना, त्यात काहीच ताणलेलं नसतं, फक्त हवा जात नाही. आपला 'तंग' फारसीतून आला, तोही याच्याच दूरच्या भावकीतला असं अभ्यासक मानतात. (आणि दारू पिऊन टाइट होणं हाही आपला शोध नाही, इंग्रजीत ते 1830 च्या सुमारापासून आहे!)

आता कामाचं. बोट टाइट पाहिजे, पण जुन्या अर्थाने. सांध्यातून, फायबरच्या चिरेतून थेंब येता कामा नये. जाळं मात्र टाइट नको. मासा कल्ल्यात अडकतो ते जाळं झोळ ठेवूनच दोरावर चढवायचं. साधा हिशोब असा, की पूर्ण ताणल्यावर 100 मीटर भरणारं जाळं 50 मीटर दोरावर बसवायचं. मग भोकं नीट उघडतात, जाळं मऊ राहतं, मासा डोकं घालतो. तेच 80 मीटरवर ओढून बसवलं तर भोकं आडवी चपटी होतात आणि मासा धडकून परत फिरतो.

बोट काठाला बांधतानाही गाठ पक्की मारा, पण दोराला ढील ठेवा. पावसात धरणाचं पाणी रातोरात चढतं. दोर आखूड असला तर बोटीचं नाक खाली ओढलं जातं आणि पाणी वरून आत येतं.

त्या सभासदाचं जाळं येत्या रविवारी संस्थेच्या शेडमध्ये उकलून परत चढवणार आहोत. बघायचं असेल त्यांनी यावं, आपलं जाळंही सोबत आणावं.